डोम की टनेल? बाईकवरच्या मुक्कामासाठी तंबू

चुलतभाऊ महिनाभर दोन तंबूंमध्ये अडकलाय: डोम (घुमटासारखा) घ्यावा की टनेल (कमानी ओळीने लावलेला, बोगद्यासारखा लांबट)? पिशवीवरचं 'तीन माणसांचा' वगैरे सोडून द्या. तीन माणसांचा म्हणजे दोन माणसं, दोन हेल्मेटं आणि बूट, बस्स.

खरा प्रश्न जमिनीचा. रत्नागिरीकडच्या कातळावर, सड्यावर (खडकाळ पठारावर) खुंटी आत जातच नाही. ठोकलीत तर वाकते. डोम दोन काठ्या एकमेकींवरून वाकवून आपल्या पायावर उभा राहतो, कोपऱ्यांना दगड लावले की झालं. टनेलला दोन्ही टोकांना ताण लागतोच, तो नसेल तर तंबू सरळ आडवा होतो. मात्र रिकामा डोम पतंगासारखा उडतो. आधी सामान आत टाका, मग चहा ठेवा.

जागा मात्र टनेलमध्येच. पुढच्या पडवीत ओलं जॅकेट, सॅडलबॅगा सगळं मावतं, आणि त्याच वजनात. वाऱ्याकडे टोक केलं तर तो छान टिकतो; वारा फिरून कुशीवर आला की रात्रभर फडफड.

गुंडाळी दोन्हींची सारखीच. काठ्यांचे तुकडे ४५ सेंटीमीटरच्या आत असतील तर सीटवर आडवं बांधता येतं. शेपटाला लटकवू नका, पुढचं चाक हलकं होतं.

एकटे, दर रात्री नवी जागा, कोकणचे सडे: डोम. दोघं, मऊ माती, एकाच जागी दोन-तीन मुक्काम: टनेल. भाऊ एकटाच फिरतो.