50 मीटर रायफलसाठी अ‍ॅडजस्टेबल स्लिंग: कोणती ताणते, कोणती सरकते, कोणती टिकते

सुरुवात खर्च वाचवणाऱ्या गोष्टीपासून करू. 10 मीटर एअर रायफल उभ्यानं मारतात आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार स्टँडिंगमध्ये स्लिंग, म्हणजे रायफल स्थिर धरायला दंडाला अडकवायचा पट्टा, चालत नाही. मुलाला नुकतंच एअर रायफलला घातलं असेल आणि दुकानदारानं किटच्या यादीत स्लिंग लिहिली असेल, तर ती ओळ खोडा. स्लिंग लागते ती 50 मीटर थ्री पोझिशनमधल्या (एकाच स्पर्धेत तीन स्थिती) नीलिंग (गुडघ्यावर बसून) आणि प्रोनला (पालथं झोपून), .22 बोअरच्या रायफलच्या नुसत्या प्रोनला आणि पॅरा नेमबाजीतल्या काही प्रोन प्रकारांना. तेजस्विनी सावंतचं 2010 चं म्युनिकचं जागतिक विजेतेपद 50 मीटर प्रोनमधलं, स्वप्नील कुसाळेचं 2024 चं पॅरिसचं कांस्य 50 मीटर थ्री पोझिशनमधलं. कोल्हापूरच्या या दोघांच्याही प्रकारांत स्लिंग हा रायफलइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि तरीही खरेदी करताना तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

खांद्याला अडकवायचा पट्टा वेगळा. तो रायफलला दोन टोकांना जोडलेला असतो, वाहून नेण्यासाठी. मॅच स्लिंग रायफलला एकाच ठिकाणी जोडतात: फोर-एंडखाली (रायफलच्या पुढच्या दस्त्याखाली) हात अडवणारा हँडस्टॉप असतो, त्याच्या स्विव्हलला (फिरत्या कडीला). तिचं दुसरं टोक म्हणजे कफ, दंडाभोवती बसणारा पट्टा. पट्ट्याची रुंदी 40 मिमीपेक्षा जास्त चालत नाही. पट्टा हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूनं गेला पाहिजे, आणि स्विव्हल व हँडस्टॉप सोडून रायफलच्या कुठल्याही भागाला टेकता कामा नये. विकत घेण्याआधी दुकानातच पट्टीनं रुंदी मोजा. 40 च्या वरची स्लिंग इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (स्पर्धेतल्या साहित्य तपासणीत) अडकली तर ऐन स्पर्धेच्या दिवशी उसनी शोधावी लागते, आणि उसन्या स्लिंगवर पोझिशन बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रोनमध्ये बटप्लेटपासून (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकापासून) हँडस्टॉपपर्यंत साधारण 70 सेंमी अंतर असतं. बट खांद्यात पक्की धरली आणि हँडस्टॉप फक्त 1 मिमी खाली आला, तर 50 मीटरवर नेम सुमारे 7 सेंमी खाली जातो. टार्गेटवरचा दहाचा गोल 10.4 मिमी व्यासाचा असतो. म्हणजे एक दशांश मिलिमीटरची घसरसुद्धा 7 मिमीची होते. प्रत्यक्षात गोळी इतकी खाली जात नाही, कारण नेमबाज नकळत दंडाच्या स्नायूनं रायफल वर उचलून धरतो. नुकसान तिथेच होतं. जे काम पट्ट्यानं करायचं ते स्नायू करू लागतो, दहाबारा शॉटमध्ये थकतो आणि ग्रूप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) उभा पसरतो. पुष्कळदा प्रशिक्षक श्वासाला दोष देतात आणि खोट बकलात असते.

म्हणून स्लिंग तपासताना ‘किती बारीक अ‍ॅडजस्ट होते’ हा प्रश्न आम्ही दुसऱ्या नंबरवर ठेवतो. लावलेली जागा ती धरून ठेवते का, आणि काढून परत लावली तर नेमकी त्याच जागी येते का, हे आधी बघायचं. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि त्यांच्यातला खरा फरक कुलूप कसं लागतं यात आहे.

पहिला प्रकार भोकं आणि खुंटीचा. चामड्याच्या किंवा जाड सिंथेटिक पट्ट्याला ओळीनं भोकं असतात आणि धातूची खुंटी किंवा स्क्रू त्यात बसतो. हा सरकूच शकत नाही, आणि भोकांना आकडे असतील तर वहीत ‘प्रोन 14, नीलिंग 11’ असं लिहून ठेवता येतं. अडचण दोन भोकांमधल्या अंतराची. एक भोक घट्ट, पुढचं ढिलं, हवं असतं मधलं. यावर बरेच जण हँडस्टॉप थोडा पुढेमागे करतात. तसं करू नका, कारण हँडस्टॉप हलला की हात हलतो, हात हलला की कोपर हलतं आणि सगळी पोझिशन पुन्हा बांधावी लागते. घ्यायचीच तर दोन ओळींत एकाआड एक भोकं असलेली स्लिंग घ्या; पायरी निम्मी होते.

दुसरा प्रकार दातेरी पट्टीचा. सिंथेटिक पट्ट्याला दाते आणि लिव्हरचं बकल. रायफल खांद्यात असतानासुद्धा एकेक दाता घट्ट करता येतो, हा मोठा फायदा. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत नीलिंग, प्रोन, स्टँडिंग मिळून 60 शॉट 90 मिनिटांत बसवायचे असतात आणि पोझिशन बदलण्याचा वेळही त्यातच जातो. तिथे हे बकल मिनिटं वाचवतं. पण दाते प्लास्टिकचे असतील तर रोजच्या वापरातले चारपाच दाते आधी गुळगुळीत होतात, बाकीचे कोरे राहतात. पट्टा उजेडात तिरका धरून बघा: दात्याची कड चकाकू लागली की बदलायची वेळ जवळ आली.

तिसरा विणलेल्या पट्टीचा, तीन दांड्यांच्या साध्या बकलाचा. स्वस्त, हलका, कुठल्याही लांबीला थांबतो. मॅचसाठी आम्ही याची शिफारस करत नाही. या बकलाची पकड ताणावर चालते. ताण असतो तोवर पट्टी दाबलेली राहते. गोळी भरायला रायफल खाली घेतली की ताण जातो, पट्टी बकलात जराशी सैल होते, परत ताण आला की केसभर पुढे बसते. एका शॉटला काही कळत नाही, सिरीजच्या (दहा शॉटच्या) शेवटी कळतं. त्यात पट्टी नायलॉनची असेल तर आणखी भर. सर्वसाधारण हवेत नायलॉन स्वतःच्या वजनाच्या 4 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ओलं नायलॉन जास्त ताणतं. कोकणात किंवा पावसाळ्यातल्या पुण्यात हा फरक हाताला जाणवतो. विणलेली पट्टी घ्यायचीच झाली तर पॉलिएस्टरची घ्या आणि लांबी ठरली की बकलाशी दोन टाके मारून पक्की करा.

ही तपासणी रायफलशिवाय घरी करता येते. भिंतीतल्या मजबूत हुकाला किंवा पुल-अप बारला कफ अडकवा. बकलातून पट्टा जिथे बाहेर येतो तिथे बॉलपेननं बारीक रेघ मारा, स्विव्हलच्या टोकाशी दुसरी. दोन रेघांतलं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजा. स्विव्हलला 10 किलो वजन टांगा आणि अर्धा तास सोडा. वजन असतानाच परत मोजा, काढून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. बकलाजवळची रेघ बाहेर सरकली असेल तर पकड ढिली. रेघ जागेवर, पण अंतर वाढून परत आलं, तर पट्टा लवचिक आहे. हे वाईट, पण निदान सवय करता येते. वाढलेलं अंतर परत आलंच नाही, तर पट्टा कायमचा ताणला.

नंतर तेच वजन हातानं उचलून ताण पूर्ण सोडायचा आणि हळूच परत द्यायचा, असं 60 वेळा करा, कारण मॅचमध्येही ताण असाच येतो-जातो. नुसत्या टांगलेल्या वजनाला पास झालेली साधी बकलं इथे नापास होतात. शेवटी ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून सगळं पुन्हा. चामडं इथे सगळ्यात जास्त बदलतं, लेप दिलेला पॉलिएस्टर पट्टा जवळजवळ बदलत नाही.

लांबी धरली म्हणजे काम संपलं नाही, कफ उरतोच. दंडाच्या आतल्या बाजूनं मोठी धमनी जाते. अरुंद, मऊ कफ तिच्यावर आवळला गेला की नाडीचा ठोका सरळ फोरसाइटमध्ये (नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या वर्तुळात) दिसतो: दर ठोक्याला वर्तुळ एकाच दिशेला उडी मारतं आणि परत येतं. थरथर वेगळी, ती कशीही असते. नाडी ठेक्यात असते. उपाय असा की कफ बायसेपच्या फुगीर भागावर न ठेवता वर, खांद्याच्या स्नायूखाली न्यायचा आणि पट्टा दंडाच्या बाहेरच्या बाजूनं निघेल असा फिरवायचा. चांगल्या स्लिंगचा कफ रुंद, ताठ आणि आधीच वळण दिलेला असतो. खेचल्यावर तो दोरीसारखा आवळत नाही, आपला आकार धरून राहतो. कफला वेगळं बकल असलं पाहिजे, म्हणजे दंडावरचा दाब न बदलता पट्ट्याची लांबी बदलता येते. ज्या स्लिंगमध्ये एकच बकल दोन्ही कामं करतं ती कितीही महाग असो, घेऊ नका.

कफ खाली घसरू नये म्हणून नेमबाजीच्या जॅकेटच्या बाहीवर बाहेरून एक हुक, लूप किंवा बटण चालतं, एकच. खरेदीला जाताना जॅकेट बरोबर न्या. कफचा लूप त्या हुकात बसतो का ते तिथेच कळेल. कोपराची जागाही त्याच वेळी बघा. प्रोनमध्ये पुढच्या हाताचा जमिनीशी कोन 30 अंशांपेक्षा कमी चालत नाही, आणि स्लिंग वाजवीपेक्षा लांब सोडली की हात नेमका खाली जातो. बोटांना मुंग्या येत असतील तर कफ आधी एक घर सैल करा, मग ग्लोव्ह हँडस्टॉपवर कुठे दाबला जातो ते बघा.

टिकाऊपणात पट्टा क्वचितच तुटतो. आधी जातात ती भोकं: गोल भोक ओढीच्या दिशेनं लांबट होतं आणि खुंटी त्यात हलू लागते. भोकांना धातूच्या रिंगा असतील तर आयुष्य बरंच वाढतं, मात्र रिंगेची कड धारदार नाही ना हे बोट फिरवून बघा. मग स्विव्हलच्या टोकाची शिवण. तिथे आडव्या शिवणीऐवजी चौकटीत फुली मारलेली शिवण हवी. कफला वेल्क्रो असेल तर त्यात जॅकेटचा धुरळा आणि दोरे भरतात. जुन्या टूथब्रशनं काढले नाहीत तर पकड निम्मी होते. जोडस्क्रू ढिले होणं ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार. निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू पक्का धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो, लाल लावू नका, परत उघडणार नाही.

चामड्याची निगा हा आपल्याकडे घोळ आहे. नारळाचं किंवा एरंडेल तेल चोळून स्लिंग ‘मऊ’ करायची पद्धत जुनी आहे. तेलानं चामडं मऊ होतं आणि मऊ चामडं ताणतं; मॅच स्लिंगला नेमकं तेच नको असतं. वर्षातून एकदोनदा मेणाच्या पॉलिशचा पातळ हात पुरे. सराव संपल्यावर स्लिंग जॅकेटच्या बाहीत अडकलेली ठेवून बॅग बंद केली, की पावसाळ्यात थोड्याच दिवसांत पांढरी बुरशी. कोरड्या सुती फडक्यानं घाम पुसून सावलीत टांगा, उन्हात नको, आणि रायफल केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

थ्री पोझिशनवाल्यांनी धातूच्या दात्यांची किंवा दोन ओळी भोकांची, लेप दिलेली सिंथेटिक स्लिंग घ्यावी. फक्त प्रोन मारणाऱ्याला आणि एनसीसीतून .22 कडे येणाऱ्याला भोकांची साधी ताठ स्लिंग पुरते, दातेरी बकलावर पैसे घालू नयेत. चामड्याची वापरत असाल आणि पोझिशन बसली असेल तर बदलायची घाई नको, फक्त जून ते सप्टेंबर दर आठवड्याला रेघांचं अंतर मोजत जा. जुनी स्लिंग कोणाकडून घेत असाल तर हँडस्टॉपचा स्विव्हल तुमच्या रायफलच्या रेलमध्ये (फोर-एंडखालच्या खाचेत) बसतो का ते आधी बघा, आणि तिसऱ्या हातानं वापरलेला प्लास्टिक दात्यांचा पट्टा फुकट मिळाला तरी मॅचला लावू नका.