इनस्क्रिप्टवर मराठी टायपिंग, सात-आठ महिने वापरून

सोलापुरात पार्क चौकाकडं एका वकिलांच्या ऑफिसात ड्राफ्टिंगचं काम करतो, दिवसभर अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं. आधी इंग्रजी स्पेलिंग टाकून मराठी उमटवायचो, काम चालायचं पण दर दोन-तीन शब्दाला यादीतनं बरोबरचा शब्द निवडायला थांबायला लागायचं अन् सगळा स्पीड तिथंच जायचा. जानेवारीतला गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठल्यावर इनस्क्रिप्ट धरलं, म्हणजे दर बटणाला थेट मराठी अक्षर किंवा मात्रा असलेला कीबोर्ड, आता गणपती आले.

भारी काय आहे सांगतो. स्वर-मात्रा जवळजवळ सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला (म, न, व तेवढी डावीकडं). सोलापूर टाइप करून बघा: स उजवा, ओकार डावा, ल उजवा, काना डावा, प उजवा, ऊकार डावा, र उजवा. एक हात दाबतोय तोवर दुसरा पुढच्या बटणावर पोचलेला असतो, स्पीड खरा इथनं येतो, बटणं जोरात आपटून नाही. डी बटणावरचं हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) पण डाव्या हातालाच, त्यामुळं जोडाक्षरातसुद्धा हात आलटून-पालटून चालतात. उलट परत, करत, सरळ असले बिनमात्रेचे शब्द आले की सगळा भार उजव्या हातावर, तिथं अजूनपण स्पीड पडतो.

लिहायचं बोलतो त्या क्रमानं. सर्व म्हणजे स, र, हलन्त, व, रफार आपोआप वर जातो. ऱ्हस्व वेलांटीपण अक्षरानंतर. आमच्या ऑफिसातले जुने काका टाइपरायटरवर शिकलेले, त्यांचा हात अजून आधी वेलांटीवरच जातो, त्यांना म्हटलं काका तुम्ही तुमचंच चालू ठेवा, पण नवीन शिकणाऱ्यानं हेच शिकावं. विंडोजवर शिफ्ट पाचला ज्ञ, सहाला त्र, सातला क्ष. कोर्टाच्या मजकुरात पक्षकार, साक्षीदार, प्रतिज्ञापत्र सारखं येतं, ही तीन बटणं पाठच पाहिजेत. दुसऱ्या मधला ऱ्य पाहिजे तर शिफ्ट-जे, हलन्त, य.

पहिला महिना मात्र लई जड जातो, आधीच्या निम्म्यानं पण काम होत नाही, त्यात घाईचं काम आलं की जुन्या पद्धतीकडं पळावं वाटतं. पळू नका. एफ अन् जेवरचे उंचवटे बोटाला लागले की हात जागेवर आहे समजायचं, खाली बघायचं नाही. हळू चाललं तरी चालेल पण चूक नको, कारण एक चूक म्हणजे तीन दाब, चुकलेला, बॅकस्पेस अन् परत बरोबरचा. सराव आपल्याच कामातल्या शब्दांचा करा, मी जुन्या नोटिसाच परत परत मारल्या.

लिपिक-टंकलेखकाला मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं सर्टिफिकेट लागतं. माझा स्पीड आता ३५च्या आसपास बसतो, तेपण एप्रिल-मेच्या उकाड्यात घामानं बोटं घसरत असताना सराव करून.

खर्च काही नाही, विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट मिळतं. बटणांवर स्टिकर तेवढे लावू नका, नजर खालीच राहते. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर त्या तक्त्याची प्रिंट काढा अन् स्क्रीनशेजारी चिकटवा.