घर बांधताय? फक्त मजुरीवर द्यावं की मालासह?

काम दोन्ही पद्धतींत रखडतं. मजुरीवर दिलं तर मालासाठी मजूर खोळंबतात; मालासह दिलं तर हप्त्यासाठी कंत्राटदार हात आखडतो. त्यामुळे दरांची तुलना करण्याआधी घरातलं कोण रोज साइटवर उभं राहू शकेल, ते ठरवा. कोणीच नसेल तर मजुरीचा कमी दर कागदावरच राहतो.

मजुरीच्या कंत्राटात सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा मालकाने आणायच्या. दर्जा आपल्या हातात, पण नासाडीही आपल्याच खिशातून. स्लॅबचंच घ्या. १०० चौरस मीटर, जाडी १२५ मिमी, म्हणजे १२.५ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ च्या (सिमेंट:वाळू:खडी) मिश्रणाला घनमीटरमागे ५० किलोच्या साधारण ८ गोण्या, एकूण १००. सेंट्रिंगची (काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याची) पातळी चुकली, टेकू दबले आणि सरासरी जाडी १४० मिमी झाली, की १२ गोण्या जादा, शिवाय बीमवर फुकटचं वजन. मजुरीवाल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. मालासह कंत्राटात धोका उलटा: जाडी ११० वर आणली की तेवढ्याच १२ गोण्या कंत्राटदाराच्या वाचतात. म्हणून ओतकाम चालू असतानाच १२५ मिमीवर खूण केलेली सळई ठिकठिकाणी खुपसून पाहावी. काँक्रीट घट्ट झाल्यावर फक्त वाद उरतो.

सळईचंही तसंच. मजुरीवर असाल तर बार बेंडिंग शेड्यूलशिवाय (कुठली सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची याच्या तक्त्याशिवाय) सळई बांधणाऱ्या फिटरला कापू देऊ नका. १२ मीटरच्या सळईतून हाताला येईल तसे तुकडे पाडले की भंगाराचा ढीग वाढतो. मालासह असाल तर करारात कंपनी आणि ग्रेड लिहून घ्या. शिवाय १२ मिमी सळईचा मीटरभर तुकडा वजन करा: सुमारे ८८८ ग्रॅम भरायला हवा. पाच टक्क्यांहून जास्त कमी भरला तर तो माल उतरवू नये.

उशीर नेमका कुठे होतो? मजुरीवर असताना बहुधा पुरवठ्यात. वाळू आली, खडी नाही. गवंडी दुसऱ्या साइटवर गेला की परत यायला आठवडा. यावर उपाय म्हणून सिमेंट भरून ठेवणं मात्र महागात पडतं: तीन महिन्यांत त्याची ताकद घटते, आणि ओल लागली तर त्याआधीच गुठळ्या होतात. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, दहाच्या वर थर नाही. मालासह कंत्राटात स्लॅबपर्यंत काम झपाट्याने होतं, कारण हप्ते तिथेच मोठे ठेवलेले असतात. पुढे प्लास्टर, प्लंबिंग, फरशी यांचं किचकट काम उरतं आणि पैसे मात्र संपत आलेले असतात. हप्त्यांचे टप्पे पुढच्या कामाकडे सरकवा, आणि शेवटचा हप्ता गच्चीवर २४ तास पाणी साठवून गळती नाही हे पाहिल्यावरच द्या. मजुरीत उचल कधीही झालेल्या कामाच्या मापापेक्षा जास्त देऊ नये.

पाणी मारायचं कोणी, हा मुद्दा मजुरीच्या करारात हमखास लिहायचा राहून जातो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲशच्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला १०. शब्दशः लिहून घ्या. मालासह कंत्राटात त्याऐवजी जादा कामाचे दर लिहून घ्यावेत: भिंत उठल्यावर खिडकी सरकवायची म्हटलं, की तेव्हा सांगितलेला दर तुम्हाला नाकारता येत नाही.

रोज दोन तास देता येत असतील, तर मधला मार्ग सर्वांत बरा: सिमेंट आणि सळई आपली, बाकी सगळं कंत्राटदाराचं. मोजायला सोपे हेच दोन जिन्नस. मात्र सळईच्या नासाडीची मर्यादा टक्क्यांत ठरवा आणि रिकाम्या गोण्या मोजून ठेवा. स्लॅबच्या संध्याकाळी त्यांचा हिशेब लागलाच पाहिजे.