एफएम बंद होणार म्हणून डिजिटल रेडिओ घेताय? आधी पावती आणि ब्लूटूथ बघा

एफएम बंद होणार नाहीये. निदान सरकारनं तशी कुठलीही तारीख जाहीर केलेली नाही. हे पहिल्याच ओळीत सांगतोय, कारण पुण्यातल्या एका ग्राहक प्रदर्शनात आम्हाला 6,800 रुपयांची टोपी घातली गेली ती याच थापेवर. तेच लोक आता दुसऱ्या नावानं दुसऱ्या शहरात स्टॉल लावतायत असं कानावर आलंय. घरात म्हातारं माणूस असेल आणि त्याला रेडिओचं वेड असेल तर जरा सावध राहा. या मंडळींचं गिऱ्हाईक तेच आहे.

आमचे आप्पा एसटीतून रिटायर झालेले. आम्ही तळेगाव दाभाड्याला राहतो. आप्पांचा दिवस आकाशवाणी पुणे केंद्रावर सुरू होतो, म्हणजे मीडियम वेव्ह, 792 किलोहर्ट्झ. पूर्वी स्टेशन बरं लागायचं. घरात एलईडी ट्यूब आल्या, इन्व्हर्टर आला, प्रत्येक खोलीत मोबाईलचे चार्जर आले, आणि बातम्यांच्या मागे सतत घरघर सुरू झाली. आप्पा रेडिओला बडवायचे, आकाशवाणीला शिव्या द्यायचे. अशात पेपरमधून एक पत्रक पडलं: ‘पुण्यात डिजिटल रेडिओ आला! जुने रेडिओ आता मुके होणार!’ आप्पांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि रविवारी प्रदर्शनाला नेऊनच सोडलं.

स्टॉलवरचा माणूस बोलण्यात तरबेज. आणि गंमत म्हणजे तो सगळंच खोटं बोलत नव्हता. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं 2025 च्या ऑक्टोबरमध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या, तेरा मोठ्या शहरांपासून सुरुवात करा म्हटलं, त्यात मुंबई, पुणे, नागपूर आहेत. हे खरं. बातमीचं कात्रण त्यानं लॅमिनेट करून टांगलं होतं. नॉर्वेनं 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, हेही खरं. पण नॉर्वेत बरीच स्थानिक स्टेशनं त्यानंतरही एफएमवर चालूच राहिली, हे तो गाळत होता. आणि ट्रायनं सुचवलं म्हणजे उद्या सकाळी एफएम गेलं असं नसतं. शिफारस, मग सरकारचा निर्णय, मग लिलाव, मग ट्रान्समीटर उभे राहणार. शिवाय त्या शिफारशींतच आहे की डिजिटलच्या जोडीनं आताचं प्रसारणही चालू राहावं. ‘काका, दिवाळीनंतर हा तुमचा रेडिओ नुसता शोकेसमध्ये ठेवायचा,’ हे वाक्य मात्र त्यानं स्वतःच्या पदरचं घातलेलं.

मग त्यानं सेट लावला. काळा, हातात मावेल एवढा, पुढे रंगीत पडदा, वर टेलिस्कोपिक एरियल. पुणे केंद्र लागलं. आवाज असा की निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू यावा. आप्पांच्या चेहऱ्याकडे बघूनच त्यानं बिलबुक काढलं.

घरी आणल्यावर सेटनं पडद्यावर रेघ पुढेपुढे सरकवत स्टेशनं शोधली आणि ‘एकही स्टेशन नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवून गप्प बसला. पुन्हा शोधलं, पुन्हा तेच. एफएम लागत होतं, तेही जुन्या पाचशेच्या रेडिओवर लागतं तेवढंच. मीडियम वेव्हचं तर बटणच नव्हतं! म्हणजे आप्पांचं पुणे केंद्र जुन्या रेडिओवर घरघरत का होईना लागायचं, तेही या महागड्या खोक्यात नाही.

स्टॉलवाल्याला फोन केला. ‘खिडकीत ठेवा.’ ठेवला. ‘आरसीसी बिल्डिंग आहे ना, मग गच्चीत बघा.’ गच्चीत नेला. ‘तुमच्या साइडला रेंज वीक आहे, पुढच्या महिन्यात टॉवर वाढतोय.’ शेवटी ‘सॉफ्टवेअर अपडेट येणार आहे, आपोआप होईल.’ ज्या सेटला वायफाय नाही, सिम नाही, त्यात अपडेट आपोआप कुठून टपकणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तेव्हापासून फोन उचलणंही बंद.

प्रदर्शन संपायच्या आत मी सेट घेऊन परत गेलो. स्टॉलवर एक आजोबा-आजी उभे होते आणि त्यांना तोच कार्यक्रम दाखवणं चालू होतं: पुणे केंद्र, तोच काचेसारखा स्वच्छ आवाज. मी मागे उभा राहिलो. तेवढ्यात स्टॉलवरच्या पोऱ्याच्या खिशातला फोन वाजला, आणि निवेदिका मध्येच गप्प होऊन रेडिओतून एका हिंदी गाण्याची रिंगटोन सुरू झाली. त्यानं घाईघाईनं फोन कट केला, दोन क्षणांत निवेदिका परत बोलायला लागली. पडद्याच्या कोपऱ्यात ब्लूटूथची छोटी निळी खूण होती. म्हणजे आकाशवाणी त्याच्या मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून येत होती आणि रेडिओ फक्त स्पीकरचं काम करत होता. न्यूज ऑन एअर हे प्रसारभारतीचं अ‍ॅप फुकट आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं. फुकटच्या अ‍ॅपचा आवाज ऐकवून 6,800 ला खोकं विकण्याचा हा धंदा.

आजोबांना मी तिथेच सांगितलं. पोऱ्या म्हणाला, ‘साहेब, गिऱ्हाईक का तोडताय?’ मग मालकाला बोलावणं गेलं, आणि मालकानं आवाज एकदम मवाळ केला. ‘साहेब, तुम्ही घेतला तो इंटरनॅशनल डिजिटल. तुम्हाला सरकारी डिजिटल पाहिजे. वर नऊ हजार टाका, तो सेट देतो.’ मी म्हटलं, तो आमच्या घरी वाजवून दाखवा, मग टाकतो. ते काही त्याला परवडणार नव्हतं.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण फसवणुकीची खरी मेख यातच आहे. आमच्या सेटच्या बुडाला बारीक अक्षरात 174 ते 240 मेगाहर्ट्झ असं छापलेलं होतं. हा डीएबी प्लस या डिजिटल रेडिओच्या पद्धतीचा पट्टा. युरोपात, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात हे सर्रास चालतं, बीबीसीनं डीएबी सुरू केलं ते 1995 मध्ये. माझी भाची लंडनजवळ राहते, तिच्या स्वयंपाकघरात अगदी असाच सेट छान वाजतो. पण भारतात या पद्धतीनं श्रोत्यांसाठी नेहमीचं प्रसारण होत नाही. पुण्यात त्या पट्ट्यावर ऐकण्यासारखं काहीच नाही, मग सेट शोधणार काय? तेव्हा परदेशातून कुणी प्रेमानं ‘डिजिटल रेडिओ’ आणतो म्हणालं तर नको सांगा. (तिकडेही सगळं आलबेल नाही. भाचीचा आधीचा सेट जुन्या डीएबीचा होता. तिची आवडती स्टेशनं डीएबी प्लसवर गेली आणि तो चालू सेट तिला भंगारात काढावा लागला.)

आकाशवाणीनं निवडलेली पद्धत वेगळी. तिला डीआरएम म्हणतात, म्हणजे डिजिटल रेडिओ माँडियाल, आणि ती मीडियम वेव्हवरही चालते. देशभरात आकाशवाणीचे 35 मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डीआरएमसाठी बसवले गेले, पुण्याचा त्यात आहे. म्हणजे ‘सरकारी डिजिटल’ ही थाप नव्हती. पण डीआरएमचे सुटे सेट दुकानात मिळणं दुर्मीळ आणि किंमत साध्या रेडिओच्या कितीतरी पट. लोक घेत नाहीत म्हणून कंपन्या काढत नाहीत, कंपन्या काढत नाहीत म्हणून लोकांना दिसत नाहीत. या पोकळीतच असले स्टॉलवाले घुसतात.

चिंचवडला माझे एक परिचित हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी वायरलेसवाले, आहेत. त्यांच्याकडे खराखुरा डीआरएम सेट आहे. हकीकत ऐकून ते हसले आणि सेट घेऊन स्वतःच आमच्याकडे आले. हॉलमध्ये लावला: 792 च्या शेजारी सिग्नलची पट्टी हलते, पण आवाज शून्य. त्यांनी घरातले चार्जर काढायला लावले, ट्यूब बंद करायला लावल्या. मधूनच एखादं वाक्य स्वच्छ यायचं की लगेच तुटायचं. गच्चीत पाण्याच्या टाकीपलीकडे नेला तेव्हा मात्र आकाशवाणी धरली, आणि काय आवाज! आप्पा जिना चढून वर आले. तेवढ्यात खालून कुणीतरी पाण्याचा पंप चालू केला आणि सेट मुका.

त्यांनी कारण सांगितलं ते आप्पांनाही पटलं. जुन्या प्रसारणात सिग्नल अशक्त झाला की घरघर वाढते, पण माणूस काय बोलतोय ते कळत राहतं. डिजिटलमध्ये अधलंमधलं काही नाही, सिग्नल पुरेसा असेतोवर निर्मळ आवाज आणि त्याखाली गेला की शांतता. त्यात एकाच ट्रान्समीटरवरून जुनं आणि डिजिटल असं शेजारीशेजारी सोडतात तेव्हा डिजिटलच्या वाट्याला शक्ती फार थोडी येते. हडपसरचा ट्रान्समीटर आणि तळेगाव यांच्यात सगळं पुणं, पिंपरी-चिंचवड. वर मीडियम वेव्हला आजच्या घरातली प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तू शत्रू. थोडक्यात, मालकाला नऊ हजार दिले असते तरी आप्पांच्या खाटेशेजारी काही वाजलं नसतं.

मग हे डीआरएम वाजतं कुठं? शेजाऱ्यांच्या गाडीत. गेल्या काही वर्षांत देशात विकल्या गेलेल्या लाखो गाड्यांच्या स्टिरिओत डीआरएम येतं आणि बहुतेक मालकांना पत्ताही नसतो. शेजाऱ्यांनाही नव्हता. एरियल बाहेर, भोवती घरातला विजेचा गोंगाट नाही, त्यामुळे देहूरोडच्या पुढे आवाज टिकून राहिला. आप्पा म्हणाले, ‘म्हणजे बातम्या ऐकायला आता गाडी घ्या.’ याच आप्पांनी पोस्टात रांग लावून रेडिओचं लायसन्स भरलेलं आहे, त्यामुळे सरकारी रेडिओवर टोमणा मारायचा हक्क मी त्यांना देतो.

आता पैशांचं. पावती नीट वाचली तेव्हा दुसरा घोळ सापडला. ‘डिजिटल रेडिओ’ हे शब्द तिच्यावर कुठेही नाहीत. लिहिलंय ‘पोर्टेबल ब्लूटूथ स्पीकर विथ एफएम’. तसं बघितलं तर तो ब्लूटूथ स्पीकर आहेच की! तक्रार केली तर ‘दिलं तेच लिहिलं’ म्हणायला मोकळे. जीएसटी क्रमांक मी जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो भांड्यांच्या कुठल्याशा दुकानाचा निघाला. यूपीआयवर पैसे गेले ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो. तिथून विक्रेत्याशी संपर्क साधतात, पण विक्रेताच गायब असेल तर तेही काय करणार. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. माझी फाइल तयार आहे. पत्रकाचा फोटो त्यात सगळ्यात वर लावलाय, कारण ‘डिजिटल रेडिओ’ असं छापील कबूल केलेला कागद तेवढाच. प्रदर्शनाच्या आयोजकांनाही पत्र दिलं. स्टॉल कुणाला भाड्यानं दिला याची नोंद त्यांच्याकडे असते, आणि आधी टाळाटाळ करणारे आयोजक आयोगाचं नाव काढल्यावर ती शोधू लागले.

आप्पांचं सध्या भागलंय. हॅमवाल्यांनीच युक्ती सांगितली: जुना रेडिओ सेलवर चालवायचा, चार्जरपासून लांब खिडकीत ठेवायचा आणि हळूहळू फिरवत आवाज सगळ्यात स्वच्छ येतो तिथे थांबवायचा, कारण मीडियम वेव्हचं एरियल आतल्या दांड्यावर असतं आणि त्याला दिशा असते. फुकटात निम्मी घरघर गेली. उरलेल्या वेळी नातू अ‍ॅप लावून देतो.

ज्यांनी असा सेट घेतलाय त्यांनी आजच पावती काढून वस्तूचं नाव काय लिहिलंय ते बघा, आणि पत्रक, सेटच्या बुडाचं लेबल, यूपीआयचा स्क्रीनशॉट यांचे फोटो काढून ठेवा. घ्यायच्या विचारात असाल तर स्टॉलवर आधी विक्रेत्याला त्याचा फोन बंद करायला सांगा आणि मग म्हणावं, लाव आता पुणे केंद्र.