छोटं टूल दुसऱ्याच्या मशीनवर: यूव्हीवरची पायथन स्क्रिप्ट की गो बायनरी?

लॉगमधून हव्या त्या ओळी काढणारं किंवा सीएसव्ही साफ करणारं शंभर-दोनशे ओळींचं टूल स्वतःपुरतं कशातही लिहा, चालतं. प्रश्न ते सहकाऱ्याला देताना येतो. मी दोन्ही वापरतो: पायथनची पॅकेजेस आणून स्क्रिप्ट चालवणारं यूव्ही हे टूल, आणि गो भाषेतल्या कोडपासून बनणारी, थेट चालणारी फाइल, म्हणजे बायनरी. माझा कल गोकडे आहे, पण पायथनची बाजू आता पूर्वीसारखी लंगडी नाही.

डेबियन-उबुंटूच्या नव्या आवृत्त्या पिपला (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) सिस्टिमच्या पायथनमध्ये सहजासहजी काही टाकू देत नाहीत. त्यामुळे आधी समोरच्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेससाठीची वेगळी जागा) समजावत बसावं लागे. पेप ७२३ हा पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव आल्यापासून लागणारी पॅकेजेस फाइलच्या सुरुवातीलाच कॉमेंटमध्ये लिहिता येतात. ‘यूव्ही रन’ ती वाचून सगळं आणतं, मशीनवर पायथन नसेल तर तेही. शिवाय फाइल उघडून वाचता येते. तारखेचा फॉरमॅट बदलायचा असेल, तर समोरचा स्वतःच बदलतो. गोमध्ये एवढ्यासाठी पुन्हा बिल्ड करून पाठवावं लागतं.

माझं घोडं अडलं ते पहिल्या रनला. एका ऑफिसात प्रॉक्सी (नेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर) सगळं एचटीटीपीएस उघडून स्वतःचं सर्टिफिकेट लावते. सिस्टिमला ते सर्टिफिकेट ठाऊक होतं, पण यूव्ही स्वतःसोबतची यादी बघत होतं. एकही पॅकेज उतरायच्या आत ‘अननोन इश्युअर’, म्हणजे सर्टिफिकेट देणारा अनोळखी! सिस्टिमची सर्टिफिकेटं वापरायला सांगणारा फ्लॅग दिला की काम होतं. पण मग स्क्रिप्टसोबतचा मेसेज लांबत गेला: आधी यूव्ही टाका, हा फ्लॅग द्या, नाही चाललं तर फोन करा. ज्याला फक्त रिपोर्ट हवाय, त्याने हे का करावं?

गोमध्ये जीओओएस (कोणती सिस्टिम) आणि जीओआर्च (कोणता प्रोसेसर) हे दोन व्हेरिएबल सेट केले की लिनक्स लॅपटॉपवरच विंडोजची फाइल तयार होते. समोरच्याने ती फक्त चालवायची, इंटरनेटही लागत नाही. अडचणी इथेही आहेत. डाउनलोड केलेली, साइन न केलेली बायनरी मॅक अडवतो. विंडोजवर कधीकधी अँटिव्हायरस उगाच संशय घेतो. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही याचा उल्लेख आहे. तरी माझ्या अनुभवात हे एकदा सांगून भागतं.

डॉक्युमेंटेशनमध्येही मला गो उजवं वाटतं. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीचे डॉक्स उत्तम आहेत, कमांडसोबतचे पर्याय वाचणाऱ्या आर्गपार्सचं ट्यूटोरियल तर जरूर वाचावं. पण बाहेरच्या पॅकेजेसचे डॉक्स म्हणजे ज्याची त्याची मांडणी. गोचं जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक पॅकेज ‘पीकेजी डॉट गो डॉट डेव्ह’वर एकाच साच्यात दिसतं. उदाहरणाखाली ‘आउटपुट’ची कॉमेंट असली, तर ‘गो टेस्ट’ ते उदाहरण खरंच चालवून पाहतं, म्हणून ते सहसा शिळं होत नाही. आणि नेट नसताना टर्मिनलमध्ये ‘गो डॉक स्ट्रिंग्ज डॉट कट’ लिहिलं की माहिती समोर.

समोरचा स्वतः पायथन लिहिणारा असेल, तर यूव्हीच घ्या. बाकीच्यांसाठी मी गो सुचवेन. फक्त लिनक्सवर लिनक्ससाठी बिल्ड करताना सीगो (गोमधून सी भाषेतला कोड वापरण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर जुन्या सर्व्हरवर जीलिबसीची (लिनक्समधली सीची मूळ लायब्ररी) आवृत्ती आडवी येऊ शकते.