केसांचं रबर घेताना आधी जोड बघा

दुकानात रबरांचं पाकीट हातात घेतलं की आपण आधी रंग बघतो. बघायला हवा तो जोड. साध्या काळ्या रबराची दोन टोकं पत्र्याच्या बारीक चिमटीत दाबलेली असतात. पत्र्याची कड आणि धाग्याचं वेष्टण यांच्या फटीत केस शिरतो आणि रबर ओढून काढताना तुटून बाहेर येतो. ही रबरं स्वस्त असतात, पकडही घट्ट असते, पण रोजच्या वापरासाठी मी ती सुचवणार नाही.

पत्रा नसलेलं रबर ही यातली सगळ्यात साधी सुधारणा. त्यात दोन प्रकार मिळतात. एकात टोकं चिकटवलेली असतात. घेण्याआधी ते दोन्ही हातांनी ताणून जोडाकडे बघा. तिथे फट दिसली तर पाकीट परत ठेवा. दुसरं जाड आणि मऊ असतं, मोज्यासारखं गोल विणून स्वतःभोवती गुंडाळलेलं. त्यात अडकायला जोडच नाही. शिवाय ते रुंद असल्यामुळे तेवढाच ताण जास्त जागेवर पसरतो आणि केसांवर काचल्याची खूण कमी उठते. बारीक रबराचे तीन वेढे घ्यावे लागतात आणि शेवटचा वेढा घेताना पोनी ओढून काढतानाच जास्त गुंता होतो. इथे दोन वेढ्यांत काम भागतं. तोटा एकच, ते लवकर सैल पडतं.

कापडात इलॅस्टिक ओवलेल्या स्क्रंचीचं पेटंट १९८७ सालचं, अमेरिकेतल्या रॉमी रेव्हसन या गायिकेचं. पायजम्याच्या कमरेच्या इलॅस्टिकवरून त्यांना ही कल्पना सुचली. आतलं इलॅस्टिक केसांना लागतच नाही, लागतं ते चुण्या पडलेलं कापड. म्हणून झोपताना सैल पोनी किंवा अंबाडा घालायला हीच घ्या, शक्यतो सॅटिनची. मात्र गुळगुळीत, सरळ केसांवर सॅटिन घसरते आणि बस पकडायला धावताना पोनी मानेवर येते. सुती जास्त टिकून बसते. हल्ली प्रदर्शनांत खणाच्या स्क्रंच्या दिसतात. साडीवर शोभतात, पण काठाची जरतार बाहेरच्या बाजूला असेल तर केस तिच्यात अडकतात, तेव्हा बोट फिरवून बघा. स्क्रंचीचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ती दुरुस्त करता येते. सैल झाली की शिवण इंचभर उसवायची, सेफ्टी पिनेला नवं इलॅस्टिक लावून ओवायचं, गाठ मारायची आणि चार टाके घालायचे.

गुंडाळीचं प्लॅस्टिक रबर खरोखरच टेलिफोनच्या वायरवरून आलं. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात शिकणाऱ्या सोफी ट्रेलेस-ट्वेडे यांनी एका पार्टीसाठी तसली वायर केसांना बांधली आणि त्यातून पुढे इनव्हिजिबॉबल हा ब्रँड उभा राहिला. हे रबर केसांना सगळीकडून सारखं आवळत नाही, वळणावळणांवर टेकतं. दाट केसांना उत्तम. फार बारीक, विरळ केस असतील तर ते वळणांत गुंततात, तिथे नको. आणि ‘खूण पडतच नाही’ या जाहिरातीवर जाऊ नका. कमी पडते, एवढंच. ताणून लांब झालं तर थोडा वेळ गरम पाण्यात टाका, बरंचसं पूर्ववत होतं.

डोक्याला तेल लावणाऱ्यांनी निवड करताना तेलाचाही विचार करावा. रबराला तेल मानवत नाही. आतला गाभा फुगून कमजोर होतो आणि बाहेरचा धागा तेल, धूळ धरून ठेवतो. तेलाच्या दिवशी गुंडाळीवालं वापरा आणि नंतर साबणाने धुऊन टाका. ओल्या केसांना मात्र यातलं काहीच घट्ट बांधू नका, कारण भिजलेला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. रोज त्याच जागी आवळून पोनी घातली तर कपाळाजवळचे केस विरळ होतात आणि महागडं रबरही तिथे उपयोगी पडत नाही.

एकच पाकीट घ्यायचं असेल तर मी विणलेलं जाड रबर घेईन. केस कमरेपर्यंत आणि दाट असतील तर गुंडाळीवालं. लहान मुलींच्या शेंड्यांना लावायची ती इवलीशी रंगीत रबरं ओढून काढू नका, कात्रीचं टोक केसांपासून दूर धरून कापून टाका. पाकिटात ती ढिगाने असतात.