एडिटिंग, गेम आणि थोडं एआय: एकच ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर कोणतं?

दिवसा व्हिडिओ एडिटिंग, रात्री गेम, आणि अधूनमधून ब्लेंडर (त्रिमितीय चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) किंवा घरच्या मशीनवर चालवलेलं एखादं एआय मॉडेल. वापर असा मिश्र असेल आणि खिसा बेताचा असेल, तर तीन कार्डं विचारात घेण्यासारखी आहेत: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी आणि इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी. (जीबीचा आकडा म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी.) यांच्या वर आरटीएक्स ५०७० आणि आरएक्स ९०७० आहेत, पण ‘अजून पाच हजार टाकले की वरचं येतं’ हा हिशोब एकदा सुरू झाला की लाखाच्या कार्डापर्यंत थांबत नाही. म्हणून ती दोन इथे घेतलेलीच नाहीत.

आधी पैशांचं. बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलं, ५०६० टीआय १६ जीबी एप्रिल २०२५ मध्ये ४२९ डॉलरला आणि ९०६० एक्सटी १६ जीबी जून २०२५ मध्ये ३४९ डॉलरला. या अमेरिकेतल्या जाहीर किमती. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी, आयातदार आणि दुकानदाराचा नफा चढतो. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव वाढल्याने महिन्याभरापूर्वी विचारलेला दर आज मिळेलच असं नाही. त्यामुळे आकडा पाठ करण्यापेक्षा दोन कार्डांतला फरक बघा. एनव्हिडियासाठी एएमडीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त मोजावे लागणार असतील, तर ते कशासाठी, एवढाच खरा प्रश्न आहे.

इथे दुकानातली एक गफलत सांगायलाच हवी. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबीतही मिळतात, त्याच नावाने, जवळजवळ तसल्याच खोक्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात उभं राहून भाव विचारलात आणि एखादा दर फारच गोड वाटला, तर तो बहुधा ८ जीबीचा असतो. ‘चिप तीच आहे साहेब, काही फरक नाही’ हे वाक्य चिपपुरतं खरं आहे. पण नवे गेम १४४०पी वर (१०८०पी पेक्षा बारीक चित्र), टेक्स्चर म्हणजे पृष्ठभागांवरची चित्रं उच्च दर्जावर ठेवून चालवले की ८ जीबी भरतात. मग सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण खेळताना गचके बसतात, भिंतीवरचं चित्र धुरकट राहतं. एडिटिंगमध्ये आणि एआयमध्ये तर जागा संपली की काम अडतंच. मिश्र वापरासाठी ८ जीबी घेऊ नका. बिलावर मॉडेलच्या नावासोबत ‘१६ जीबी’ लिहून घ्या.

गेमच्या बाबतीत फार चर्चेची गरज नाही. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) बंद असेल तर ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी यांच्यात फरक इतका थोडा की आकडे झाकले तर कोणतं कार्ड लावलंय ते ओळखू येणार नाही. रे ट्रेसिंग सुरू केलं की एनव्हिडिया पुढे जातं आणि पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे त्याच्याच जड प्रकारात, अंतर आणखी वाढतं. लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस जास्त गेममध्ये आहे. एएमडीचं तसंच तंत्र एफएसआर ४ चित्राच्या दर्जात आधीच्या आवृत्तीपेक्षा खूपच सुधारलंय, पण ते चालणाऱ्या गेमची यादी लहान आहे. बी५८० या दोघांच्या मागे आहे. १०८०पी चा मॉनिटर असेल तर ते खटकणार नाही. फक्त गेमच खेळणार असाल तर ९०६० एक्सटी घ्या आणि उरलेले पैसे बऱ्या मॉनिटरमध्ये घाला.

खरा फरक पडतो तो कामात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे एडिटिंगसाठी कार्ड घेणाऱ्यांत ही मंडळी बरीच. आताचे मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, रेकॉर्ड करतात. रंग सुधारताना त्याचा फायदा होतो, हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल फाटत नाही. पण ही फाइल उलगडायला जड असते. हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे फाइल उलगडायची चिपमधली खास सोय, नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो: टाइमलाइनवर प्लेहेड ओढला की चित्र अडकतं, आवाज पुढे जातो, आणि शेवटी आधी सगळ्याचे प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, बनवत बसावं लागतं. पाच कॅमेऱ्यांचं दोन दिवसांचं फुटेज असेल तर ते प्रॉक्सी बनण्यातच रात्र जाते. आरटीएक्स ५० मालिकेत ४:२:२ चं डिकोडिंग आणि एन्कोडिंग दोन्ही हार्डवेअरमध्येच आहे, एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ साठवण्याच्या दोन्ही प्रकारांसाठी. बी५८० एचईव्हीसीतलं ४:२:२ सहज उलगडतं, म्हणून स्वस्तातल्या एडिटिंग मशीनसाठी ते गेममधल्या आकड्यांवरून वाटतं त्यापेक्षा बरंच चांगलं कार्ड आहे. ९०६० एक्सटीमध्ये ही सोय नाही. अर्थात प्रोसेसर इंटेलचा, अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा आणि अंगचे ग्राफिक्स असलेला, म्हणजे नावात शेवटी ‘एफ’ नसलेला असेल, तर एचईव्हीसीचं ४:२:२ तोच उलगडतो. आणि तुमचा कॅमेरा ४:२:० च (रंगांची कमी माहिती ठेवणारा प्रकार) देत असेल, किंवा सगळं काम मोबाइलवरच्या फुटेजचं असेल, तर हा अख्खा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच.

ब्लेंडरच्या सायकल्स या चित्र तयार करणाऱ्या इंजिनमध्ये एनव्हिडिया मोठ्या फरकाने पुढे आहे. एएमडी आणि इंटेल तिथे चालतात, पण वेळ जास्त लागतो. एआयचंही तसंच: कार्डावर प्रोग्राम चालवायची एनव्हिडियाची व्यवस्था, कूडा, २००७ पासून आहे, त्यामुळे कुठलंही नवं साधन आलं की ते आधी त्यावर चालतं. एएमडीच्या आरओसीएम या तशाच व्यवस्थेवर आता बरंच काही होतं, लिनक्सवर तर चांगलंच, पण एखादी संध्याकाळ आवृत्त्या जुळवण्यात घालवायची तयारी हवी. १६ जीबीत चार बिटांवर आणलेलं, म्हणजे आखडून लहान केलेलं, १४ अब्ज पॅरामीटरचं भाषा मॉडेल आरामात मावतं. १२ जीबीतही बसतं, पण मोठा मजकूर दिला की जागा कमी पडू लागते.

बी५८० घ्यायचं तर मशीन नवं हवं. रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर हे कार्ड फार हळू पडतं, आणि इंटेलनेच दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सुचवलेत. शिवाय त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर भार टाकतो. एएमडीच्या जुन्या रायझन प्रोसेसरसोबत लावून लोकांना मिळालेले आकडे चाचण्यांतल्या आकड्यांच्या जवळपासही नव्हते. जुन्या बी४५० मदरबोर्डात नवं कार्ड बसवायचं असेल तर ९०६० एक्सटी बरं, कारण ते बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या सोळाही लेन (माहितीच्या वाटा) वापरतं. ५०६० टीआय आठच वापरतं, आणि पीसीआय ३.० च्या बोर्डावर त्याचा थोडा फटका बसतो.

विजेचं सांगायचं तर ९०६० एक्सटी १६० वॅटचं, ५०६० टीआय १८० चं, बी५८० १९० चं. बऱ्या कंपनीचा ५५०-६०० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) तिघांना पुरतो. यूपीएसकडे मात्र लक्ष द्या. घराघरांत असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो; कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून भर गेममध्ये तेवढं सहज होतं, आणि वीज गेली की तो बॅकअप देण्याऐवजी चीं-चीं करून बंद पडतो. एक केव्हीएचा घ्या.

तर लग्नाचं एडिटिंग, ब्लेंडर किंवा एआय यातून महिन्याला पैसे येत असतील तर ५०६० टीआयचे जास्तीचे पैसे कामातून वसूल होतात. काम हौसेपुरतं आणि गेम मुख्य असतील तर ९०६० एक्सटी. बजेट ताणलेलं पण मशीन नवं असेल तर बी५८०.

अमेरिकेतून येणाऱ्या भावाला कार्ड आणायला सांगण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे विचारून घ्या. बऱ्याच कंपन्या ती ज्या देशात विकलं त्या देशापुरतीच देतात. जुनं घ्यायचं तर आरटीएक्स ३०६० १२ जीबी अजून कामाचं आहे, आणि त्यात कूडाही मिळतं. फक्त सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबल्यावर त्यासाठी राबवलेली अशी कार्डं ढिगाने बाजारात आली होती, म्हणून विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि मूळ बिल मागा.